विदर्भातला उन्हाळा, घरातला एसी आणि लाईटबिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरचा. दरवर्षी होळी झाली की नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मंडळी सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात, एसी घेऊ की कूलर, किती नंबरवर ठेवू, बिल एवढं कसं काय आलं. म्हणून म्हटलं एकदा नीट बसून सगळं लिहूनच टाकू. हे मुख्यतः नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावती, अकोला या पट्ट्यासाठी आहे, म्हणजे जिथे मे महिन्यात ४५ काही बातमी राहत नाही (नागपुरात तर मे २०१३ मध्ये ४७.९ पर्यंत गेला होता पारा). मुंबई-कोकणवाल्यांचं गणित वेगळं आहे, त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय.

एसी लावला की बिल दुप्पट-तिप्पट कसं होतं? एसी एवढी वीज खातो का?

खातो, पण अर्धी गोष्ट स्लॅबची आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते. महावितरणचे घरगुती स्लॅब असे आहेत, १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. प्रत्येक पायरीला युनिटचा दर वाढतो. आता समजा फेब्रुवारीत तुमचं घर १३० युनिटवर चालत होतं. एप्रिलमध्ये दीड टनाचा एसी रोज रात्री ८ तास लावला आणि तासाला सरासरी १ युनिट धरलं तर महिन्याचे २४० युनिट वाढले, एकूण झाले ३७०. पहिले १०० स्वस्तातले तर फ्रीज, पंखे, टीव्ही यांनीच संपवलेले आहेत, म्हणजे एसीच्या वाट्याला एकही स्वस्त युनिट येत नाही, त्याचे १७० युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये आणि उरलेले ७० तिसऱ्यात पडतात. त्यावर परत प्रत्येक युनिटला वहन आकार (वीज घरापर्यंत आणायचा खर्च), कधी इंधन समायोजन आकार (इंधन महागलं की लागणारा), आणि मग एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून युनिट तिप्पट झाले तर पैसे तिपटीहून जास्त होतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळेच युनिट महाग होतात असं नाही, फक्त वरचे तेवढे महाग होतात. आणि याचीच चांगली बाजू अशी की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग स्लॅबमधलेच वाचतात. त्यामुळे ५०-६० युनिट कमी केले तरी बिलात दिसतात.

बिल आलं की आधी युनिट बघा, रुपये नंतर. गेल्या मेचे युनिट आणि या मेचे युनिट शेजारी ठेवा, मग कळेल तुम्ही जास्त वापरली की दर वाढले.

एसी किती टेंपरेचरवर ठेवायचा?

२६ किंवा २७, आणि सोबत पंखा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाला एसी सुरू केला की २४ वरच सुरू व्हायला पाहिजे असा बीईईचा, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियम आहे, आणि त्यांच्याच हिशोबाने एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते. म्हणजे २२ वरून २६ वर आलात तर जवळपास चौथा हिस्सा वाचला, आणि त्यासाठी एक रुपया खर्च नाही.

लोक म्हणतात २६ वर काय थंड वाटणार. अहो बाहेर ४५ आहे, २६ मध्ये पंख्याखाली बसून बघा. पंख्याचा वारा अंगाला लागला की दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखंच वाटतं. साधा सीलिंग फॅन ७०-८० वॅट घेतो, नवीन बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर १५०० वॅटच्या आसपास. एवढा फरक असताना पंखा बंद करून एसी १८ वर ठेवायचा आणि वरून ब्लँकेट घ्यायचं याला काही अर्थ नाही.

आधी १६ वर ठेवलं तर रूम लवकर थंड होते ना?

जुन्या नॉन-इन्व्हर्टर एसीत अजिबात नाही, त्याचा कंप्रेसर एकाच स्पीडने चालतो, १६ काय आणि २६ काय. इन्व्हर्टर एसी पण रूम तापलेली असताना आपोआप जोरातच चालतो. फरक एवढाच पडतो की आपण १६ करून विसरतो आणि तो बिचारा १६ गाठायच्या मागे रात्रभर धावत राहतो, आणि मेमध्ये तापलेल्या छताखाली १६ कधी गाठलंच जात नाही. एकदाच २६ लावा आणि रिमोट ठेवून द्या.

कूलर घ्यावा की एसी?

विदर्भातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि माझं उत्तर ठाम आहे. कूलर काढून टाकू नका. एसी घेतलात तरी कूलर ठेवा.

कारण सांगतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ते आजूबाजूची जवळपास पाऊण युनिट उष्णता सोबत घेऊन जातं (नेमकं म्हणाल तर ०.६८; उष्णता पण विजेसारखीच युनिटमध्ये मोजता येते). १ टनाचा एसी तासाला साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे एक लिटर पाण्याने १ टनाच्या एसीचं साधारण ११-१२ मिनिटांचं काम फुकटात झालं. कूलरला वीज लागते ती फक्त पंख्याला आणि छोट्या पंपाला, दोन्ही मिळून दीडशे-दोनशे वॅट. रात्रभर चालवला तरी दीड-दोन युनिट. एसीचे आठ.

पण हे तेव्हाच चालतं जेव्हा हवा कोरडी असते, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा किती कोरडी असते ते ओठांना विचारा. ४५ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाणी उडवून हवा अगदी आदर्श परिस्थितीत २४ पर्यंत खाली येऊ शकते. घरातला कूलर तेवढा परफेक्ट नसतो पण चांगल्या ओल्या पॅडमधून २८-२९ ची हवा आरामात मिळते. आपल्या आजोबांच्या पिढीने वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यावर पाणी मारलं ते याच जोरावर, आणि तो वाळ्याचा वास ज्याने घेतलाय त्याला मी अजून काय सांगू.

आता जूनमध्ये काय होतं बघा. पावसाआधीचे ढग यायला लागतात, हवेत दमटपणा वाढतो, पाणी उडणंच कमी होतं आणि तोच कूलर चिकचिक करायला लागतो. तेव्हा एसीची पाळी. म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे, मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत कूलर, मग पहिले दोन-चार वळीव पडले की एसी, आणि पाऊस नीट लागला की दोन्ही बंद. मध्ये एखाद्या दुपारी ४६ झाले, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ आहे, तर मेमध्ये पण बिनधास्त एसी लावतो. एसी चार महिने चालवण्याऐवजी दीड महिना चालला तर वर्षाचं गणितच बदलतं.

कूलर लावतो पण थंडच होत नाही, उलट कोंदट होतं.

खिडकी बंद ठेवली असणार. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, ती ओली हवा कुठून तरी बाहेर जायला पाहिजे. म्हणून कूलर खिडकीच्या बाहेर, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी थोडी उघडी. कूलर खोलीच्या आत ठेवून सगळं बंद केलं तर तो तीच ओली हवा फिरवत बसतो. दुसरं कारण पॅड. वूडवूल, म्हणजे आपला कूलरचा भुसा, दरवर्षी बदला, स्वस्त असतो. हनीकोंब पॅड जास्त वर्षं चालतो पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने त्यावर पांढरा थर चढतो आणि मग हवा जातच नाही, तो थर धुवत राहावं लागतं.

आणि आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायचीच. डेंग्यूचा डास असल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पाऊस लागल्यावर कूलर विसरून तसाच पाण्यासकट ठेवणारी घरं मी दरवर्षी बघतो, प्लीज तसं करू नका.

कूलर आणि एसी दोन्ही एकदम चालवले तर?

नका चालवू. कूलर हवेत पाणी टाकतो आणि एसीला ते पाणी परत हवेतून काढावं लागतं (मागच्या पाइपातून जे टपकतं ते तेच). जी उष्णता कूलरने पाण्यात लपवली ती सगळी एसीच्या डोक्यावर. शिवाय कूलरला खिडकी उघडी पाहिजे आणि एसीला बंद. एका वेळी एकच.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, एसी रात्रभर चालतो तरी रूम थंड होत नाही. मोठा एसी घ्यावा का?

थांबा, पैसे नका घालवू. आधी गच्चीवर जा.

नागपूर साधारण २१ अक्षांशावर आहे. म्हणजे २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीच पडत नाही, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. आणि नवतपा सुरू होतो २५ मेच्या आसपास, सूर्य रोहिणीत आला की. जुन्या लोकांनी हे नऊ दिवस उगाच वेगळे काढलेले नाहीत. त्या दिवसांत ऊन भिंतींपेक्षा सगळ्यात जास्त पडतं ते सपाट गच्चीवर, दिवसभर, सरळ वरून. सिमेंटचा स्लॅब ते ऊन पितो, पाच-सहा तासांनी ते आतल्या बाजूला पोचतं, आणि मग रात्री दहाला तुम्ही झोपायला जाता तेव्हा तुमच्या डोक्यावर तापलेला तवा असतो. एसी खोलीतल्या हवेशी लढत नाहीये, त्या स्लॅबशी लढतोय. दीडचा दोन टन केला तर लढाई जास्त पैशांत लढाल एवढंच.

उपाय म्हणजे स्लॅबला ऊन पिऊच द्यायचं नाही. सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. गच्ची झाडून-धुवून फेब्रुवारी-मार्चमध्ये चांगला दाट चुना, त्यात चिकटायला थोडा फेव्हिकॉलसारखा गोंद, दोन-तीन हात. पावसात निघून जातो, दरवर्षी करावा लागतो, पण साहित्याचा खर्च फारच कमी. थोडे जास्त पैसे असतील तर गच्चीसाठीचा पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मिळतो, तो काही वर्षं टिकतो. घर नवीन बांधताय तर पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांची गच्ची करा, ते कायमचं काम. फरक बघायचा असेल तर दुपारी ३ वाजता पांढऱ्या भागावर आणि शेजारच्या काळ्या-करड्या भागावर अनवाणी पाय टेकवून बघा, मला अजून काही सांगावं लागणार नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये हीट अॅक्शन प्लॅन केला आणि पुढे त्यात झोपडपट्टीतली छतं पांढरी करायचं काम घेतलं, तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफसाठी वेगळं धोरणच आणलं. आपल्याकडे अजून लोक गच्चीवर काळं डांबराचं वॉटरप्रूफिंग उघडं टाकून ठेवतात आणि खाली दोन-दोन एसी लावतात, ते बघून खरंच जीव तुटतो.

चुना नको असेल तर गच्चीवर हिरवी नेट किंवा चटयांचा मांडव, स्लॅबपासून वर, मधून हवा जाईल असा. टिनाचं छत असेल तर वरून पांढरा रंग आणि आतून थर्माकोल-पीओपीचं फॉल्स सीलिंग, दोन्ही पाहिजे. गच्चीवर रोज पाणी मारणं काम करतं पण पाणी कुठून आणायचं, अर्ध्या विदर्भात मेमध्ये प्यायच्या पाण्याचेच वांधे असतात.

पडदे जाड लावले तर चालेल का?

काहीच नसल्यापेक्षा बरं. पण पडदा आत असतो, ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं, पडदा तापतो आणि ती उष्णता आता घरात आलेलीच आहे. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे. बाहेरून बांबूची चिक, हिरवी नेट, जुनी सतरंजी, काहीही. सगळ्यात आधी पश्चिमेची खिडकी, कारण दुपारी ३ ते ६ चं ऊन तिरपं येतं आणि छज्जाखालून सरळ आत घुसतं, आणि तेव्हाच बाहेरची हवा पण सगळ्यात तापलेली असते. मग पूर्वेची. दक्षिणेच्या खिडकीची मेमध्ये फार काळजी करू नका, सूर्य डोक्यावर असल्याने तिकडे ऊन येतच नाही जवळपास, तिकडे ते हिवाळ्यात येतं. बरेच लोक दक्षिणेला महागाचे पडदे लावतात आणि पश्चिम उघडी ठेवतात.

पश्चिमेला जागा असेल तर कडुनिंब लावा. पाच-सात वर्षं लागतील पण लावा.

३ स्टार घ्यावा की ५ स्टार?

किती तास चालवणार त्यावर आहे. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वर्षाला १६०० तास चालवला असं धरून काढलेले असतात. दीड टनाच्या ३ आणि ५ स्टारमध्ये त्या हिशोबाने साधारण दोनशे ते अडीचशे युनिटचा फरक दिसतो. आता तुम्ही तुमचे तास मोजा. रोज १०-१२ तास, चार-साडेचार महिने चालणार असेल तर तुम्ही १६०० च्या जवळ जाता, मग ५ स्टार घ्या, वरचे आठ-दहा हजार काही वर्षांत वसूल होतात. आणि जर माझ्यासारखं मेपर्यंत कूलर आणि नंतर दीड महिना एसी असेल तर ४००-५०० तास होतात, तिथे ३ स्टार इन्व्हर्टर पुरतो, उरलेल्या पैशात गच्ची पांढरी करा. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा भाव बघताना जुन्या आकड्यांवर जाऊ नका.

दोन गोष्टी नीट बघा. एक, स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा जुना ५ स्टार नव्या हिशोबात खाली आला. म्हणून दुकानदार स्टॉक क्लिअर करायला जुना पीस देत असेल तर लेबलवरचा काळ वाचा, आणि स्टारपेक्षा आयएसईईआरचा आकडा बघा (सीझनभरात एक युनिट विजेत एसी किती युनिट उष्णता बाहेर काढतो तो), जितका मोठा तितका चांगला. दोन, हा आकडा २४ ते ४३ डिग्री बाहेरचं तापमान धरून काढतात. आपल्याकडे दुपारी ४५-४६ असतं, तेव्हा एसी लेबलपेक्षा जास्त खाणार आणि थंड कमी करणार, हे गृहीत धरा.

इन्व्हर्टर एसी म्हणजे लाईट गेल्यावर चालतो का?

नाही. दुकानात हा प्रश्न दर दोन माणसांनंतर एक जण विचारतो आणि त्यात चूक काही नाही, नावच तसं आहे. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. कंप्रेसरचा स्पीड कमी-जास्त होतो एवढाच अर्थ.

किती टनाचा घ्यायचा?

१०० ते १२० चौरस फुटाला १ टन, १५० ते १८० ला दीड. वर उघडा स्लॅब असेल किंवा पश्चिमेची भिंत असेल तर थोडा वरचा. उगाच मोठा घेतला तर हवा झटकन थंड होते पण दमटपणा नीट निघत नाही. हॉल आणि किचन एकच असेल तर तिथे एसी लावूच नका, बेडरूममध्ये लावा आणि मेच्या दुपारी सगळं घर त्या एका खोलीत बसा. आमच्याकडे चार माणसं दुपारी त्याच खोलीत जेवतात, त्यात काही कमीपणा नाही.

मेकॅनिक दरवर्षी म्हणतो गॅस कमी झालाय, भरावा लागेल. खरंय का?

एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. आमच्याकडे सलग तीन उन्हाळे एका माणसाने येऊन गॅस भरला, दरवेळी पैसे घेतले, दरवेळी पुढच्या मेपर्यंत एसी परत गरम. चौथ्या वर्षी दुसऱ्या मुलाला बोलावलं, त्याने साबणाच्या पाण्याचा फेस जॉइंटवर लावला आणि पाच मिनिटांत बुडबुडे दाखवले, बाहेरच्या युनिटचा फ्लेअर नट, म्हणजे गॅसची नळी जोडणारा नट, ढिला होता. तेव्हापासून अजून गॅस भरलेला नाही. तुम्ही पण हेच म्हणा, आधी लीक दाखवा, मग गॅस. आणि गॅसचं नाव प्लेटवर लिहिलेलं असतं, आर-३२ च्या मशीनमध्ये आर-३२ च गेला पाहिजे.

बऱ्याच वेळा तर गॅसचा काही प्रॉब्लेमच नसतो, फिल्टर चोंदलेला असतो.

मग सर्व्हिसिंग किती वेळा?

फिल्टर तुम्ही स्वतः, सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी, समोरचं झाकण उघडायचं, जाळी काढायची, नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची. आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीची वादळं येतात, त्या दुसऱ्या दिवशी पण. पूर्ण सर्व्हिसिंग मार्चमध्ये एकदा पुरे, मेमध्ये मेकॅनिक मिळतच नाहीत आणि मिळाले तर घाईत करतात.

बाहेरच्या युनिटकडे कोणी बघत नाही, खरं काम तर तेच करतं. घरातली सगळी उष्णता त्याला ४५ च्या हवेत फेकायची असते. ते जर तापलेल्या गच्चीवर भर उन्हात असेल किंवा डक्टमध्ये कोंबलेलं असेल जिथे त्याचीच गरम हवा परत त्याच्याकडे येते, तर बिल वाढणारच. वर सावली करा पण चिकटून नाही, पुढे-मागे हवा मोकळी पाहिजे. कव्हर घालून चालवू नका. काही जण त्यावर पाण्याचे फवारे लावतात, बोअरचं पाणी असेल तर पत्र्यांवर क्षार बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत कॉइल जाते.

रात्री टायमर लावून पहाटे बंद करावा का?

हो, पण तुमच्या छताच्या स्लॅबवर आहे. स्लॅब पांढरा केला असेल तर ३-४ वाजता एसी बंद होऊन पंख्यावर झोप लागते. तसाच तापलेला असेल तर अर्ध्या तासात घाम फुटतो. एसी बंद झाला की खिडक्या उघडा, पहाटे ४ ते ६.३० हीच एक वेळ असते जेव्हा बाहेरची हवा घरापेक्षा थंड असते, ती आत येऊ द्या, भिंती निवतात. ८ वाजले की सगळं परत बंद. आमची आजी हे करायची, तिच्या घरात एसी नव्हता आणि दुपारी १२ पर्यंत घर गार असायचं.

सारखा बंद-चालू केला तर जास्त वीज लागते का?

दहा-पंधरा मिनिटांसाठी बाहेर जाताय तर राहू द्या. तासभर जाताय तर बंद करा. आणि सीझन संपला की रिमोटने नाही, एमसीबी खाली पाडा, स्टँडबायला थोडी थोडी वीज जातच असते.

सोलर लावलं तर?

स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तर नक्की विचार करा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये केंद्राची सबसिडी आहे. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, नेट मीटरवर (दिवसा जास्तीची वीज महावितरणला गेली की ती बिलातून वजा होते) रात्रीचा एसी पण त्यातून वळता होतो. आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते हा फायदा कोणी सांगत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या माणसाला तो लगेच जाणवतो. फक्त क्रम लक्षात ठेवा, आधी गच्ची-खिडक्या-कूलर करून युनिट कमी करा, मग उरलेल्या युनिटपुरतं सोलर लावा. उलटं केलं तर गरजेपेक्षा मोठं सोलर घेऊन बसाल.

घर भाड्याचं आहे, काय काय करता येईल?

बरंच काही. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून नेट दोऱ्यांनी बांधता येते, घर सोडताना काढून नेता येते. बीएलडीसी पंखा पण सोबत नेता येतो. दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी लावा, एसीची गार हवा तिथूनच जाते. चुन्यासाठी घरमालकाला विचारा, खर्च आम्ही करतो म्हटलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, त्यांच्याच स्लॅबला तडे कमी जातात.

आम्ही ठाण्याला/रत्नागिरीला राहतो, कूलर चालेल का?

नाही हो. तुमच्याकडे हवा आधीच ओली, ३३-३४ डिग्रीतच जीव नकोसा होतो कारण घाम वाळत नाही. तुम्हाला थंडाव्यापेक्षा कोरडेपणा पाहिजे असतो, म्हणून एसीचा ड्राय मोड वापरून बघा, आणि २६-२७ ला पंखा लावून. आणि खिडकी-दार नीट बंद, कारण तुमच्या एसीची बरीचशी वीज बाहेरून आलेलं पाणी काढण्यातच जाते. पुण्यात एप्रिलमध्ये कूलर छान चालतो.

आई-बाबा बिलाच्या धास्तीने एसी लावतच नाहीत, दुपारी तसेच बसतात. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि हे सगळं लिहिलंय ते खरं तर यासाठीच. आमची आई पण अशीच, आम्ही घरी नसताना एसी बंद, कूलर पण बंद, "मला काही होत नाही" म्हणून पंख्याखाली बसायची. ४० च्या वर पंखा गरम हवाच अंगावर मारतो, म्हाताऱ्या माणसाला तहान पण नीट लागत नाही आणि घाम पण कमी येतो. तिला समजावून उपयोग झाला नाही. मग मी तिच्यासमोर कागदावर हिशोब मांडला, दुपारी १२ ते ५ कूलर चालवला तर रोज एक युनिट, एसी २७ वर चालवला तर पाच, आणि गच्चीला चुना मारून महिन्याला जेवढे वाचले ते त्या पाचाच्या पुढे लिहिले. तेव्हा कुठे पटलं. आता दुपारी १२ वाजता मी ऑफिसातून फोन करतो, कूलरचा आवाज ऐकू आला की ठेवतो.

कुणी बडबडायला लागलं, अंग तापलंय पण घाम नाही, उलट्या होताहेत, चालताना तोल जातोय तर ते साधं ऊन लागणं नाही. सावलीत आणा, अंगावर पाणी मारा, पंखा जोरात लावा, काखेत आणि मानेला बर्फ लावा आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.